नोटेशन वाचता येत नाही, तरी हौशी मेल क्वायरमध्ये घेतील का? तिथले बाकीचे लोक संगीत शिकलेले असतात का?

एरवी मी इथे नुसता वाचून जातो, पण हा प्रश्न बघून राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की लहानपणी थोडंफार गायचात, मग सुटलं, नोटेशन म्हणजे काळे ठिपके एवढंच माहीत आहे, आणि आता पुरुषांच्या हौशी क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळीत, जावंसं वाटतंय पण तिथे सगळे शिकलेले असतील अशी धास्ती आहे. तर घेतील, बिनधास्त जा. झालं उत्तर. आता माझं ऐका.

आधी हे सांगा की शिकलेले म्हणजे नेमकं काय शिकलेले? कारण आमच्या क्वायरमध्ये जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी शिकलाय आणि प्रत्येकाचं शिक्षण कुठे ना कुठे त्याला नडतं. एक जण ब्रास बँडमध्ये युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचं एक पितळी वाद्य, वाजवायचा. श्वास असा की दोन माणसांना पुरेल, वाचन फाडफाड, पण ब्रास बँडमध्ये बेस ट्रॉम्बोन सोडला तर सुरांची सगळी वाद्यं ट्रेबल क्लेफ (वरच्या सुरांसाठीची खूण, खालच्या सुरांसाठी बेस क्लेफ असते) वाचतात, आणि त्याच्या वाद्यावर कागदावरचा सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो, त्यामुळे बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजांच्या, सेक्शनमध्ये उभा राहिल्यावर समोरचा बेस क्लेफ त्याला परक्या लिपीसारखा. पियानोवाले चारही आवाजांच्या ओळी (वरून खाली फर्स्ट टेनर, सेकंड टेनर, बॅरिटोन, बेस) एकदम वाचतात, पण पियानोवर बोट ठेवलं की सूर तयार असतो, गळ्यात तो आधी मनात ऐकावा लागतो, ही सवय त्यांना लावावी लागते. आवाज फुटायच्या आधी चर्चमध्ये ट्रेबल, म्हणजे मुलांचा वरचा आवाज, गायलेली मंडळी असतात, त्यांना जन्मभर वरची मेलडी गायची सवय, त्यांना बेसमध्ये टाका, दुसऱ्या ओळीला बघावं तर साहेब एक सप्तक खाली मेलडीच गातायत. रॉक बँडमधला गिटारवाला बरा, त्याला कॉर्ड, म्हणजे एकदम लागणारे सूर, कळते, आपण कॉर्डमधला तिसरा सूर गातोय म्हणजे तो नेमका लागला पाहिजे हे त्याला सांगावं लागत नाही, फक्त तो ड्रम्सची वाट बघत असतो आणि इथे ड्रम्स नसतात, कंडक्टरचा हात असतो. आणि मग ज्यांनी कधीच काही शिकलं नाही ते, कॅराओके, बाथरूम आणि स्टेडियममध्ये ओरडणं एवढंच भांडवल. यांचं पाठांतर जबरदस्त असतं, कारण कागदाचा आधार त्यांना कधी नव्हताच.

मी स्वतः काही वर्षं ख्याल शिकलेला. बॅरिटोनमध्ये आहे. माझं दुखणं वेगळंच होतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सवय, ती इथे चालत नाही, सगळ्यांनी एकाच क्षणी सूर बदलायचा असतो, नाहीतर कॉर्ड गढूळ होते. शेजारचा सेकंड टेनर माझ्यापेक्षा दोन सूर वर काहीतरी गात असताना आपला सूर धरून ठेवायचा, हेही आधी जमायचं नाही, कान ओढून नेतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाण्याच्या मध्येच सा बदलतो. की बदलली म्हणे! यावर मी उपाय काढला, गाण्याच्या छापील कॉपीवर पेन्सिलनं माझ्या ओळीखाली सारेगम लिहायचं, आणि सा बदलला की नव्या सा भोवती गोल करायचा. कोमल ग, कोमल नि यांच्याखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. अजूनही करतो.

आता यावरून काय झालं ते सांगतो. आमच्याकडे बेसमध्ये एक गृहस्थ आहेत, वाचन एक नंबर, शिवाय जन्मजात ॲब्सोल्यूट पिच, म्हणजे कुठलाही सूर वाजला की त्याचं नाव सांगतील. त्यांनी माझी कॉपी उचलून दोन-चार जणांना दाखवली आणि म्हणाले, हे बालवाडीचं पुस्तक बघा. वर कमिटीत प्रस्ताव मांडला की यापुढे नव्या माणसाची साईट-रीडिंग टेस्ट, म्हणजे नोटेशन पहिल्यांदाच बघून गाऊन दाखवायची, घ्यायची, न वाचणाऱ्यांमुळे तालमीचा वेळ जातो.

त्या बालवाडीचा इतिहास त्यांना माहीत नाही. नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या बाईंनी पद्धत बसवली आणि जॉन कर्वेन या पाद्र्यानं ती एकोणिसाव्या शतकात ब्रिटनभर पसरवली, टॉनिक सोल-फा तिचं नाव. पाच रेघा नाहीत, ठिपके नाहीत, नुसती डो-रे-मीची आद्याक्षरं, मात्रा दाखवायला कोलन आणि उभ्या रेघा. आणि डो हलता, आपल्या सा सारखा, गाणं कुठल्याही पट्टीत असलं तरी डो तो डो. वेल्समधल्या ज्या मेल क्वायर्सचं जगभर कौतुक होतं तिथले खाणकामगार चॅपलमध्ये हीच अक्षरं शिकून मोठमोठ्या समूहगानाच्या रचना गायले. जुन्या कॉपीज बघा, स्टाफच्या, म्हणजे त्या पाच रेघांच्या, वर ही अक्षरं छापलेली दिसतात. म्हणजे माझं पेन्सिलीचं सारेगम त्याच घराण्यातलं झालं ना?

आणि कुणाला आत घ्यायचं हा वादही जुनाच. बर्लिनमध्ये 1809 मध्ये त्सेल्टरची लीडरटाफेल नावाची पुरुषांची गायनमंडळी सुरू झाली, आत यायचं तर माणूस कवी, गायक किंवा संगीतकार हवा. गंमत म्हणजे त्सेल्टर स्वतः बापाच्या धंद्यातला, रीतसर मास्टर झालेला गवंडी, पुढे मेंडेलसोन या मोठ्या संगीतकाराचा गुरू झाला ते सोडा. त्याच सुमारास झुरिचमध्ये नेगेली नावाचा संगीतकार उलट म्हणत होता की सामूहिक गाणं सर्वांसाठी आहे, दार उघडं ठेवा. आमचे गृहस्थ म्हणजे त्सेल्टर पार्टी, फक्त गवंडीकाम वजा.

तर कॉन्सर्ट. एक गाणं होतं, सुरुवातीला पियानो, मधला मोठा भाग बिनसाथीचा, शेवटच्या कडव्याला पियानो परत येतो. बिनसाथीचं गाताना क्वायर खाली उतरते हे तुम्हालाही दिसेलच, एकच सूर सारखा गायचा असला की तो बसतो, खाली उडी मारताना जरा जास्तच खाली जातो, मेजर कॉर्डमधला ग दमलेल्या गळ्यातून हमखास कमी लागतो, आणि मग सगळे हळूहळू त्या कमी सुराला जुळवून घेतात. त्या दिवशी हॉल गरम, आम्ही दमलेलो, शेवटच्या कडव्याच्या आधी जवळजवळ पूर्ण सेमीटोन, म्हणजे अर्धा सूर, उतरलो होतो. आम्हाला पत्ता नाही, कारण सगळे मिळून उतरलो होतो, आपसात सुरात होतो. फक्त बेसच्या दुसऱ्या रांगेतून काहीतरी खरखरीत ऐकू यायला लागलं. गृहस्थ कागदावर छापलेल्या पट्टीत ठाम उभे. त्यांच्या हिशोबानं तेच बरोबर आणि बाकी सगळी क्वायर चूक! त्यांच्या बाजूला एक रिटायर्ड इलेक्ट्रिशियन काका असतात, एक ठिपका वाचता येत नाही, सगळी गाणी फोनवर पार्ट-ट्रॅक, म्हणजे आपल्या ओळीचं रेकॉर्डिंग, लावून घोकून पाठ करतात. काकांनी गाता गाता त्यांना कोपरानं ढोसलं आणि तोंड त्यांच्या कानाकडे वळवून आपला सूर गायला लागले. दोन ओळींत गृहस्थ खाली आले. चेहरा बघण्यासारखा होता.

पियानोचं काय झालं? आमच्या पियानिस्ट बाई दोन बार (मात्रांचे ठरावीक तुकडे) आधीच मान वळवून ऐकत होत्या. गाणं डी मेजरमध्ये, त्यांनी सरळ डी फ्लॅटमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली, एन्ट्री घेतली. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, कागदावरचे ठिपके त्याच जागी असतात, दोन शार्पच्या जागी पाच फ्लॅट आहेत असं समजायचं आणि वाजवायचं, मधले सुटे शार्प-फ्लॅट तेवढे सांभाळायचे.

गृहस्थांनी लगेच हे उचललं. बघा, वाचता येत होतं म्हणून अब्रू वाचली! मी म्हटलं, कागदावर डी लिहिलं होतं, डी फ्लॅट कान देऊन कळलं. तो वाद अजून चालू आहे आणि तालीम संपल्यावर खुर्च्या उचलताना दोघांपैकी कुणीतरी एक तो उकरून काढतोच.

बरं, तुमच्यासाठी कामाचं. पहिल्या दिवशी फर्स्ट टेनर मागू नका, न शिकलेले बहुतेक पुरुष मधल्या आवाजाचे असतात, बॅरिटोन किंवा सेकंड टेनरमध्ये उभं करतील, ते मधले सूर मेलडीपेक्षा अवघड आणि कुणाच्या लक्षात न येणारे असतात, त्याची तयारी ठेवा. पाठांतर पक्कं असलेल्या माणसाशेजारी जागा पकडा, तो वाचतो की नाही ते बघू नका. पार्ट-ट्रॅक मागून घ्या. बऱ्याच मेल क्वायर्स कॉन्सर्ट कागदाशिवाय गातात, तिथे तुमच्यासारख्यांचं कोणी काही वाकडं करत नाही.

आणि हो, उगाच भांडायला नको म्हणून सांगतो, नोटेशन शिकू नका असं मी म्हणत नाहीये. निदान सूर वर जातोय की खाली आणि किती मात्रा थांबायचंय एवढं कागदावर दिसायला लागलं तरी तालमीत निम्मा ताण जातो. काही क्वायर्स स्पर्धेच्या असतात, रीतसर ऑडिशन घेतात, तिथे वाचन मागतील, तो त्यांचा हक्क आहे. ॲब्सोल्यूट पिच असणं हाही काही दोष नाही, सुरुवातीचा सूर द्यायला आम्ही त्याच गृहस्थांकडे बघतो. आणि ज्यांना दोन सुरांतला फरकच कळत नाही असेही लोक असतात, पण फार थोडे, आणि तुम्ही लहानपणी गायलेले आहात म्हणजे त्यातले नाही.

टेस्टचा प्रस्ताव पुढच्या मीटिंगला परत येणार आहे. माझी उपसूचना तयार आहे, टेस्ट जरूर घ्या, पण उमेदवाराच्या हातातला कागद काढून घ्यायचा, डाव्या-उजव्या बाजूला दुसऱ्या पार्टचे दोन दांडगे आवाज उभे करायचे आणि आठ बार आपली ओळ धरून दाखवायला सांगायचं. आणि सुरुवात जुन्या मेंबरांपासून, बेसच्या दुसऱ्या रांगेतून.