बाहेर न गेलेल्या महिन्याच्या पिल्लाला जंत कसे झाले? औषध काय आणि किती वेळा द्यायचं?

कुत्र्याचं पिल्लू जेमतेम महिन्याचं, घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आईच्या दुधाशिवाय फारसं काही पोटात गेलेलं नाही, तरी शीमध्ये शेवयांसारखे पांढरे जंत निघाले, असं तुम्ही लिहिलंय. घरचे म्हणतात दुधात साखर घातली म्हणून झाले. साखर पिल्लाला देऊच नका, पण जंत तिच्यामुळे झालेले नाहीत. ते त्याला आईकडून आलेत, आणि बहुधा जन्मायच्या आधीच.

मी गेली आठ वर्षं गल्लीतल्या कुत्र्यांची पिल्लं सांभाळते. जंत नसलेलं पिल्लू मला क्वचितच मिळालं.

शेवयांसारखे दिसतात ते गोल जंत, टॉक्सोकारा. आईने कधीतरी मातीतून याची अंडी गिळलेली असतात. त्यातून निघालेल्या सगळ्याच अळ्या आतड्यात राहत नाहीत; बऱ्याचशा तिच्या स्नायूंत, अवयवांत जाऊन गप्प पडून राहतात. नेहमीचं जंतांचं औषध आतड्यातल्या जंतांवर चालतं, या झोपलेल्या अळ्यांपर्यंत ते पोचत नाही. कुत्री गाभण राहिली की साधारण चाळिसाव्या दिवसानंतर त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांमध्ये शिरतात. काही पुढे दुधातून जातात. म्हणून ‘आईला तर औषध दिलं होतं’ हे खरं असलं तरी पिल्लांना जंत होतातच.

पिल्लाच्या शरीरात या अळ्या यकृतातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि गिळल्या की आतड्यात असा प्रवास करतात. तीन आठवड्यांचं पिल्लू शीतून अंडी टाकायला लागलेलं असतं. हा प्रवास समजला की औषध पुन्हा पुन्हा का द्यावं लागतं तेही कळतं. आज दिलेल्या डोसाने आतड्यातले जंत पडतील, पण वाटेत असलेल्या अळ्या आठ-पंधरा दिवसांत खाली उतरतील.

हे मला फार उशिरा कळलं. माझ्याकडच्या एका काळ्या पिल्लाला एकच डोस दिला, ढीगभर जंत पडले, पोट उतरलं, मी निश्चिंत झाले. तीन आठवड्यांनी ते मलूल पडलं. शी डांबरासारखी काळी, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. आकड्यासारख्या तोंडाचे बारीक जंत होते, हुकवर्म. हे आतड्याला चिकटून रक्त पितात आणि शीमध्ये सहसा दिसतही नाहीत. दवाखान्यात नेलं त्याच रात्री ते गेलं. तेव्हापासून मी तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते.

पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग आठ आठवडे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. मोठं झाल्यावर तीन महिन्यांतून एकदा. तुमचं पिल्लू महिन्याचं आहे, म्हणजे आजच सुरू करायचं. आई तुमच्याकडेच असेल तर तिलाही त्याच दिवशी द्या.

लहान पिल्लांसाठी पायरँटेल किंवा पायरँटेल-फेबँटेलचं पातळ औषध मिळतं. डोस वजनावर असतो, अंदाजावर नाही. किलोला किती मिली ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आमचा वाणी त्याच्या काट्यावर पिल्लू ठेवू देतो. आठशे ग्रॅमच्या जिवाला दोन किलोचा डोस जायला नको. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने हळूहळू द्या, मान वर करून घशात ओतू नका. एक-दोन दिवस जंत पडतील, त्याने घाबरू नका. मात्र उलट्या थांबत नसतील, पोट टणक झालं असेल तर लगेच डॉक्टर. उलट्यांबरोबर रक्ताची पातळ शी असेल तर जंत समजून घरी बसू नका, तो पार्व्हो, म्हणजे विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, असू शकतो.

शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. ते पिसवांमुळे होतात, त्यांना प्राझिक्वांटेल लागतं, आणि पिसवा घालवल्या नाहीत तर पुन्हा येतात.

जंतांवर उपाय म्हणून लसूण देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. कांदा-लसणाने कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला ते झेपणार नाही. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही स्वतःहून टोचायचं नाही.

घरात लहान मूल असेल तर शी रोजच्या रोज उचला. ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर करतात. एकदा मातीत गेली की वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईलनेही मरत नाहीत. मुलाच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. पिल्लाला मुलांपासून तोडायची गरज नाही, खेळून झाल्यावर हात साबणाने धुवायला लावा.

आता पहिल्यांदा त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर वजन करून औषध सुरू करा. फिक्या असतील तर घरी काही न देता आजच जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही कुत्री बघतात.