ग्रीसच्या क्रीट बेटावर ५ दिवस, मुक्काम हानियात, सोबत ८ वर्षांची मुलगी. कोणते समुद्रकिनारे निवडावेत?

एलाफोनिसी आणि फालासार्ना नक्की करा, बालोस वारा पाहून ठरवा आणि वाई सरळ सोडून द्या. क्रीट चांगलं २६० किमी लांब आहे. हानिया पश्चिमेला, वाईचं खजुरीचं बन पार पूर्वेच्या टोकाला. दिवस गाडीतच जाईल. एलाफोनिसीला पाणी इतकं उथळ असतं की समुद्र शांत असेल तर मुलगी तुमचा हात धरून समोरच्या बेटावर चालत जाईल. वाळूची गुलाबी छटा शिंपल्यांच्या बारीक चुऱ्याची, ती पाण्याच्या कडेलाच दिसते. फोटोंवर जाऊ नका. (वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे, मुलीला आधीच सांगा!) हानियाहून दीड तास लागतो, तेव्हा गर्दी व्हायच्या आधी, सकाळी लवकर पोहोचा. फालासार्ना पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे दुपारनंतर जा आणि सूर्यास्त बघूनच उठा. बालोसला किसामोस बंदरातून बोट धरा. बालोसला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा लागू होत नाही. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात सुटला की बोटी रद्द होतात. अशा दिवशी दक्षिणेला पालेओखोरा गाठा: गावाच्या दोन्ही बाजूंना किनारा आहे, एकीकडे लाटा असल्या तरी दुसरीकडे बहुतेक वेळा पाणी शांत मिळतं.