गोव्यात स्वतःच्या गाडीशिवाय भागतं का? आणि लोकांनी बसने जावं म्हणून काय करायला हवं?

भागतं. पणजीतली माझी सगळी नोकरी बसने झाली, निवृत्त झाले त्या संध्याकाळीही पुष्पगुच्छ सांभाळत बसनेच घरी आले. तुम्ही बदली होऊन पणजीत येणार, तर पहिल्याच महिन्यात कर्ज काढून गाडी घेऊ नका. पण तुमचा दुसरा प्रश्न माझ्या जिव्हारी लागलेला आहे. त्यावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे.

आमचं गाव माशेलच्या पुढे. पणजीहून रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी करत माशेलपर्यंत बसला तोटा नाही. त्यापुढे मोजक्या खासगी गाड्या. मार्चअखेर होती, ऑफिसात उशीर झाला, धावतपळत स्टँडवर शेवटची बस गाठली. माशेलला येईस्तोवर ती जवळजवळ रिकामी झाली. कंडक्टरने आतले दिवे मालवले, "फुडें वचना, हांगाच देंवात" (पुढे जात नाही, इथेच उतरा) म्हणाला आणि उरलेल्या तिकिटाची चिल्लर माझ्या हातावर ठेवली. माझ्यासोबत बाजारात भाजी विकून परतणारी एक म्हातारी होती. रिकामी पाटी पायरीवर आडवी ठेवून ती दारातच बसली, उतरेना. ड्रायव्हर म्हणाला, डिझेलचे पैसे सुटत नाहीत, मी काय करू? परमिट आमच्या गावापर्यंतचं होतं, पण रात्री ते तपासायला कोण येतंय? नाक्यावरचे मोटरसायकल पायलटही, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारे, घरी गेलेले. शेवटी एका दुकानातून थोरल्या भावोजींना फोन लावला. ते शेजाऱ्याची स्कूटर मागून आले, आधी म्हातारीला सोडलं, मग मला न्यायला परत फिरले.

घरात पाऊल टाकताच भावोजींनी निकाल दिला, "पुरे झालं तुझं बसचं कौतुक." थोड्याच दिवसांत आमच्या दारात स्कूटर आली.

भावोजी आजही सांगतात की माणसंच नसतात म्हणून फेरी बंद पडते, लोकांना गाडीच हवी असते, सरकार काय करणार! मला हे साफ अमान्य आहे. वाड्यावर एकेक स्कूटर कशी आली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाची मुलगी प्रॅक्टिकल संपवून फोंड्यात अडकली, कुणी मडगावहून विनाथांबा शटल बसने पणजीला वेळेत पोचला आणि पुढची बस आलीच नाही. रात्रीच्या एका फेरीची खात्री नाही म्हणून घराने गाडी घेतली. एकदा हप्ता सुरू झाला की माणूस सकाळीही तीच बाहेर काढतो, कारण पेट्रोल तेवढंच वरचं. सकाळची बस रोडावली की मालक दुपारची फेरी गाळतो. आमच्याकडे रविवारी जेवणानंतर बस म्हणजे नशीब.

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदलेल्या गाड्यांचा आकडा आता त्याच्याही पुढे गेलाय. आपण काय केलं? २०१९मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, २०२२च्या अखेरीस आणि पुढच्या वर्षी नव्या झुआरी पुलाच्या दोन्ही बाजू खुल्या झाल्या, आठ पदरी. पूल हवेतच. १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा फेरीबोटीसाठी लोकांचे काय हाल झाले ते विसरण्यासारखं नाही. पण आठ पदरी पुलावरून रात्री गावाकडे जाणारी बसच नसेल, तर त्यावर गाड्याच वाढणार.

माझ्या मते पहिलं काम एकच: प्रत्येक मार्गावरची शेवटची फेरी धावलीच पाहिजे, आत एकच माणूस असला तरी. त्यासाठी बसवाल्याचे पैसे प्रवाशांच्या डोक्यांवर ठेवून चालणार नाही, धावलेल्या किलोमीटरवर मिळायला हवेत. मग त्याला माशेलला दिवे मालवायचं कारण उरत नाही. खासगी बस कदंब या सरकारी बस महामंडळाच्या छत्राखाली आणणारी 'म्हजी बस' योजना २०२३मध्ये आली. ती रात्रीच्या आणि रविवारच्या फेऱ्यांपासून राबवायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं. पणजीत पार्किंग महाग करा, जरूर करा. आधी बस द्या, मग महाग करा. उलट क्रमाने केलंत तर दंड भरतो तो पेडण्या-सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतून कामाला येणारा माणूस.

भावोजींना मी हेच सांगते. त्या रात्री बस गावात आली असती तर आपण स्कूटर घेतली असती का? यावर ते विषय बदलतात.

आता तुमच्यापुरतं. घरात आजारी माणूस असेल किंवा रात्रपाळी असेल तर माझं ऐकू नका, दुचाकी घ्या. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आतल्या गावात राहणार असाल तरीही घ्या. पणजी, फोंडा, म्हापसा, मडगाव या वाटांवर दिवसा अडत नाही. मडगाव आणि वास्कोची कदंब शटल मध्ये कुठे थांबत नाही, तिकीट खिडकीवर घ्यायचं. पणजीसमोर मांडवीपलीकडे बेतीला राहिलात तर पायी माणसाला फेरीबोट फुकट आहे. घर पाहायला जाल तेव्हा शेवटची बस कधीची ते घरमालकाला विचारू नका, थांब्याजवळच्या दुकानदाराला विचारा, आणि पावसाळ्यात ती येते का तेही.