अपडेटनंतर ऑटोपायलट बोट भलतीकडे वळवतो, सेन्सर बदलावा का?

नका बदलू. निदान एवढ्यात तरी नका.

तुम्ही लिहिलंय की प्लॉटरचं, म्हणजे सागरी नकाशा दाखवणाऱ्या यंत्राचं, सॉफ्टवेअर अपडेट केल्यापासून ऑटोपायलट मोकळ्या पाण्यात नीट चालतो, बंदराजवळ वेग कमी केला की बोट एका अंगाला खेचतो, आणि तंत्रज्ञ म्हणतो होकायंत्राच्या सेन्सरजवळ लोखंड ठेवलं असेल. ते 'लोखंड असेल' वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. हेच निदान मीही ऐकलंय, बोटीवर पाऊल न ठेवता फोनवरून केलेलं.

बोट मित्राची, शिडाची. मी पूर्वी व्यापारी जहाजांवर सेकंड ऑफिसर होतो. अपडेटनंतर दिवसभर सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी शिडं उतरवून इंजिनवर आत शिरत होतो, ऑटोपायलटला ०६० अंशांची दिशा दिलेली, प्रवाह उजवीकडून डावीकडे. समोरून एक ट्रॉलर बाहेर पडताना दिसला म्हणून मित्राने इंजिन न्यूट्रलला घेतलं. बोट पाण्यात जवळजवळ थांबली, नुसती प्रवाहाबरोबर डावीकडे सरकत राहिली. नाक जागच्या जागी होतं, चुंबकीय होकायंत्रात ०६०च्या आसपास. पडद्यावर मात्र हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, ३४५! ऑटोपायलटला वाटलं बोट डावीकडे भरकटली, त्याने सुकाणू पूर्ण उजवीकडे लावलं. मित्राने पुन्हा गिअर टाकला आणि बोट गर्रकन ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, दगडांकडे वळली. मी स्टँडबाय दाबून, म्हणजे ऑटोपायलटला सुकाणू सोडायला लावून, चाक हातात घेतलं. त्या वेळी गजरही वाजत होता, बोट मार्ग सोडून गेल्याचा.

तंत्रज्ञाला फोन केला. "लोखंड असेल. टूलबॉक्स, स्पीकर, काहीतरी." मित्रालाही ते पटलं, कारण एवढी महाग यंत्रणा चुकणार नाही यावर त्याची श्रद्धा. इथे माझं डोकं फिरलं. लोखंडामुळे येणारा फरक बोटीच्या दिशेप्रमाणे बदलतो. उत्तरेला तोंड असताना पाच अंश चुकत असेल, तर पुन्हा उत्तरेला वळल्यावर तेवढाच चुकेल, वेग कितीही असो. आमचा दोष दिशेकडे ढुंकून बघत नव्हता, तो वेगाबरोबर बदलत होता. वेगाबरोबर काय बदलतं? जीपीएसचा कोर्स. जीपीएसला बोटीचं नाक दिसत नाही, बोट जमिनीच्या हिशेबाने कुठे सरकतेय तेवढंच कळतं. सहा नॉट वेगाला दोन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणून दिवसभर काही जाणवलं नाही. थांबलात की तो आकडा प्रवाहाची दिशा दाखवतो, प्रवाहही नसेल तर वाटेल ते. अपडेटमध्ये ऑटोपायलटची हेडिंग कुठून घ्यायची ही निवड बदलली होती, आणि प्लॉटर जीपीएसचा कोर्सच हेडिंग म्हणून बोटीवरची यंत्रं जोडणाऱ्या नेटवर्कवर पाठवत होता.

तुम्हीही तपासा. मोकळं, शांत पाणी, ऑटोपायलट स्टँडबायवर. होकायंत्र बघत पाच नॉटने सरळ चला, मग न्यूट्रल. होकायंत्र स्थिर आणि ऑटोपायलटच्या पडद्यावरचं हेडिंग नाचतंय, तर दोष हाच. प्लॉटर नेटवर्कवरून काढून पुन्हा करा. नाचणं थांबलं तर सेन्सर निर्दोष. सेटिंगमध्ये हेडिंगचा स्रोत म्हणून तोच निवडा. लोखंडाचीच शंका असेल तर सावकाश पूर्ण गोल फिरा आणि दर तीस अंशांना फरक लिहून ठेवा.

मी असं सगळं वहीत लिहून तंत्रज्ञाला पाठवलं. उत्तर नाही. सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीच्या टिपणात मात्र 'हेडिंग स्रोताच्या निवडीत सुधारणा' अशी ओळ आली. मित्र म्हणतो योगायोग. त्याला मी १९९५ची 'रॉयल मॅजेस्टी' सांगून थकलोय. बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेलं प्रवासी जहाज, जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली, यंत्र गुपचूप अंदाजे स्थितीवर गेलं, पडद्यावर बारीक अक्षरांत तसं दिसतही होतं. ऑटोपायलट त्या अंदाजामागे चालत राहिला आणि जहाज मार्गापासून सुमारे १७ मैल बाजूला, नॅन्टकेटजवळच्या उथळ पाण्यात रुतलं. मोठ्या जहाजांना सोलासचा, म्हणजे सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियमच आहे की ऑटोपायलट बराच वेळ वापरल्यावर हाताचं सुकाणू तपासायचं. मी ते बोटीवरही करतो. मित्र त्याला जहाजी नखरे म्हणतो. म्हणू दे, त्या संध्याकाळी चाक कोणाच्या हातात होतं ते त्यालाही ठाऊक आहे.

तुमचा दोष दूर होईतो बंदरात शिरताना ऑटोपायलट बंद, आणि त्याची वीज तोडणारा ब्रेकर कुठे आहे ते घरच्या प्रत्येकाला माहीत हवं. स्टँडबायचं बटणही सॉफ्टवेअरच वाचतं.

राहिलं एक. अगदी कमी वेगात रडरवर, म्हणजे सुकाणूच्या पात्यावर, पाणीच धड वाहत नाही, त्यामुळे चांगला ऑटोपायलटही तिथे थोडा डुलतो. तेवढ्यावरून प्लॉटरला फाशी देऊ नका. रडरचा कोन सांगणाऱ्या सेन्सरचा जोड सैल असला किंवा सुकाणू फिरवणाऱ्या हायड्रॉलिकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली तरी बोट अशीच वागते, तेही बघून घ्या. पण हवा काही नेमकी अपडेटच्या दिवशी शिरत नाही.