सकाळी ऐक

प्रिय मित्रा,

परवा जिन्यात चपला घालता घालता तू विचारलंस, "काका, त्या रॉकवाल्या लोकांनी ड्रग्ज घेतलं नसतं तर ती गाणी झाली असती का?" मी म्हटलं, पाऊस येतोय, नीघ. तू गेल्यावर तासभर स्वतःवरच चिडत बसलो. प्रश्न तुझा नव्हता, तुझ्या गिटारिस्टचा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तो शोच्या आधी एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशा, मारतो आणि तुम्ही काही बोललात की जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारिस्टचं नाव पुढे करतो.

नशा वाईट असते, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते कळतं म्हणूनच तू जिन्यात घुटमळलास. माझं सांगणं एवढंच आहे: सकाळी ऐक. रात्री जे वाजवलंत त्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी चहा घेऊन, शांत डोक्यानं ऐक. आणि त्यालाही ऐकव.

१९८७ साली आमचा बँड होता. मी बेसवर. परळला एकाच्या वडिलांच्या गोडाउनमध्ये रिहर्सल चालायची, चारी बाजूंना कापडाचे गठ्ठे, त्यामुळे आवाज छान दबायचा. आय-रॉक हे मुंबईतलं रॉक संमेलन नुकतंच सुरू झालं होतं आणि ते जिथे भरायचं त्या रंगभवनच्या स्टेजवर चढायचं, यापलीकडे आम्हाला आयुष्यात काही दिसत नव्हतं. आमचा ड्रमर आमच्यात सगळ्यात चांगला. खोटं नाही सांगत, त्याच्यामुळे आम्ही बरे वाटायचो. मुंबईत तेव्हा गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पानाच्या ठेल्यापर्यंत पोचली होती. तो आधी रिहर्सल संपल्यावर पन्नीवर ती तापवून धूर ओढायचा, मग सुरू होण्याआधी, मग मध्येच "आलो" म्हणून बाहेर जायला लागला.

माझ्याकडे टू-इन-वन होता, मी सगळं कॅसेटवर घ्यायचो. आमचं एक गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं होतं. जुलैच्या कॅसेटवर ते तेवढंच आहे. नोव्हेंबरच्या कॅसेटवर ते पाच मिनिटांच्या वर जातं. कडवं एकही वाढलेलं नाही! गोडाउनमध्ये त्या रात्री आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो, काय वजन आलंय गाण्याला म्हणून. मीही त्यात होतो, आणि मी तर काही घेतलेलंही नव्हतं. एक जण तारेत असला की खोलीतल्या बाकीच्यांनाही थोडी चढतेच.

दुसऱ्या दिवशी मुलुंडहून लोकल पकडली आणि वॉकमनवर ती कॅसेट लावली. कुर्ला यायच्या आत कळलं. हाय-हॅटची झांज उशिरा, पायाचा किक ड्रम त्याहून उशिरा, आणि मी बेसवरून त्याला ओढत नेतोय, भिजलेलं पोतं ओढावं तसं. ही कॅसेट त्याला ऐकवायला हवी होती. मी ऐकवली नाही. दोन आठवड्यांवर शो होता, भांडण नको होतं. शिवाय आपण कोण त्याला सांगणारे, तो आपल्यापेक्षा चांगला वाजवतो, असंही वाटायचं. अजूनही वाटतं अधूनमधून. बघ, पत्र तुला लिहितोय आणि सारवासारव माझी चाललीय.

बरं, हेंड्रिक्स. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अंमलाखाली गुदमरून गेला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, हे तुझ्या गिटारिस्टला पाठ असेल. कारण सत्तावीसाव्या वर्षी गेलेल्या रॉकस्टार्सचं लोकांनी देवस्थान करून ठेवलंय. पण त्याआधी लिटल रिचर्ड, आयझ्ली ब्रदर्स यांच्या मागे उभं राहून तो पगारी गिटार वाजवत होता. हात तिथे तयार झाले. त्या दिवसांचं पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही.

सिड बॅरेटचं बघ. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा १९६७ चा पहिला अल्बम, त्यातली बहुतेक गाणी त्याची. आणि जानेवारी १९६८ मध्ये साउथॅम्प्टनच्या शोला जाताना बाकीच्यांनी गाडी त्याच्या घराकडे वळवलीच नाही. एलएसडीनं डोकं गेलं की आजार आधीपासून आत होता, यावर लोक अजून भांडतात, भांडू देत. मी त्या गाडीत बसलेल्यांचा विचार करतो. पुढे ५ जून १९७५ ला ते ॲबे रोडला काम करत असताना एक जाडसर, टक्कल केलेला, भुवया काढलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला. मित्रांनी त्याला बराच वेळ ओळखलं नाही. आणि ते ज्या गाण्यावर काम करत होते, ते त्याच्यावरच लिहिलेलं होतं.

ॲलिस इन चेन्स बँडचा गायक लेन स्टेली तर नशेच्या त्याच नरकाबद्दल गायला. त्यांचा १९९२ चा अल्बम ऐक, त्यात कुठे कौतुक सापडतं का बघ. तरी चाहते त्याला भेटून अंगठा दाखवायचे, आम्हीपण घेतलीय म्हणून. त्यानं मुलाखतीत सांगितलं होतं की नेमकं हेच त्याला नको होतं. जुलै १९९६ नंतर तो बँडबरोबर स्टेजवर उभा राहिला नाही. एप्रिल २००२ मध्ये खात्यातून पैसे निघत नाहीत हे हिशेब बघणाऱ्यांच्या लक्षात आलं, म्हणून शोध घेतला गेला. घरात मृतदेह होता, जाऊन दोन आठवडे झालेले. चौतीस वर्षांचा. असला आवाज असलेला माणूस, आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटलं ते बँकेच्या खात्याला.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर स्टीव्ही रे वॉन. टेक्सासचा ब्लूज गिटारिस्ट. दारू आणि कोकेननं १९८६ मध्ये युरोपच्या दौऱ्यात कोसळला. सुटला. शुद्धीत आपल्याला वाजवता येईल का, ही धास्ती त्यालाही होती, वाचतोयस ना, त्यालाही! मग १९८९ मध्ये अल्बम काढला, त्याला ग्रॅमी मिळालं. १९९० च्या ऑगस्टमध्ये धुक्यात हेलिकॉप्टर पडून गेला, तो भाग वेगळा. तो आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लावून ऐक. कधी ऐकायचं ते परत सांगायला हवं का?

आता जे परवा जिन्यात सांगायला हवं होतं ते. आमच्या ड्रमरनं सेट विकायला काढला, एकेक तुकडा. एका दुपारी राइड सिंबल, ड्रमसेटची मोठी झांज, टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आला. नाक गळत होतं, अंग दुखत होतं, टर्की लागलेली, म्हणजे गर्द न मिळाल्याचा त्रास. साडेचारशे मागितले. मी दिले. घरच्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा माझ्याकडे बरी, सुटला की परत देईन. पैसे कुठे जाणार हे मला माहीत होतं. पुण्यात येरवड्याला १९८६ मध्येच डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलेलं होतं, तेही मला माहीत होतं. साडेचारशेत दोघांचं पुण्याचं जाणं-येणं आरामात झालं असतं. मी सिंबल घेतली. तीन वर्षांनी तो गेला. कसा, ते इथे लिहीत नाही.

तेव्हा त्याला बँडमधून काढू का, मी बाहेर पडू का, हे मला विचारू नकोस. मी दोन्ही केलं नाही, मी वाट बघितली, आणि एवढी वर्षं मी समजूतदारपणे वागलो असं सांगत फिरलो. तू आधी ऐकव. चिडेल, फोन आपटेल, तुला काही कळत नाही म्हणेल. म्हणू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाव. आणि त्याच्या घरी कुणाला माहीत आहे, ते विचारून ठेव, हे काम बँडच्या चार पोरांचं नाही.

रविवारी ये. नऊला, संध्याकाळी नको. परवाच्या शोचं मोबाइलवर जे असेल ते आण, आणि त्यालाही आण. नाही आला तर एकटा ये. मी राइड काढून पुसून ठेवतो. येताना स्टँड घेऊन ये, माझ्याकडे नाहीये. तो त्यानं दुसऱ्या कुणालातरी विकला होता.

तुझा,
काका