पुरात बुडालेल्या जुन्या सायकलचा क्रँक (पेडलचा दांडा) पुलरशिवाय, म्हणजे तो ओढून काढायच्या हत्याराशिवाय, घरी कसा काढायचा?

कॉटर पिनवर, म्हणजे क्रँक धुरीवर घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या खिळीवर, उघडा हातोडा घालू नका; आटे चेपतात आणि मग ड्रिल मारत बसावं लागतं. रात्री पिनेवर डिझेल सोडून ठेवा. सकाळी नट पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करा. क्रँकखाली, पिनेच्या जाड डोक्याभोवती, जमिनीला टेकेल असा जीआय पाइपचा तुकडा उभा करा. हाच तुमचा पुलर! मार पाइप झेलतो, बेअरिंगला धक्का बसत नाही. आता जड हातोड्याने नटावर एकच सणसणीत घाव. भुरभुर ठोकलंत तर पिन वाकणारच.

सांगलीत 2019 ला पाण्याखाली गेलेल्या सायकलींत कृष्णेचा गाळ पार आतपर्यंत शिरलेला असतो, तेव्हा बेअरिंगचे पाव इंची छर्रे नवेच घाला. पेडलही काढणार असाल, तर डावं पेडल मात्र उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सैल होतं.