जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स: आधी भिंत ठोकून बघा

ताई, शहापूरच्या जुन्या घरात बाथरूमच्या टाइल्स न फोडता वरूनच नव्या बसवता येतील का, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत त्यामुळे धूळ-धडधड नको, असं विचारलंय तुम्ही. बसतात की, बऱ्याच घरात बसवल्यात. पण भिंत त्या लायकीची आहे का ते आधी बघा, मिस्त्रीला बोलवायच्या आधी.

एक रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइल चारी कोपऱ्यांत आणि मधे ठोका. टणक आवाज आला तर ठीक, डबडब पोकळ आवाज आला तर तिच्यावर खडूने फुली मारा. चार-पाच सुट्या फुल्या असतील तर तेवढ्याच काढून मागचा खड्डा भरून घेता येतो, पण नळाभोवती नाहीतर खालच्या दोन ओळींत फुल्यांचा पट्टाच दिसला तर आत पाणी मुरतंय, मग वरून टाइल लावणं म्हणजे रोग झाकणं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीतला पाइप. घर 25-30 वर्षांचं असेल तर आत लोखंडी जीआय पाइप असणार, तो आतून गंजतो. तसं असेल तर माझं स्पष्ट मत, फोडाच. सासूबाईंना आठ दिवस नणंदेकडे ठेवा पण फोडा, नाहीतर दोन वर्षांत जुनी आणि नवी दोन्ही टाइल फोडायची वेळ येते. पाइप गळतोय का बघायला रात्री टाकी भरून आत पाण्याच्या पातळीला खूण करा, सगळे नळ बंद, सकाळी पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. खानापूर बाजूला असतात तशी मातीची जाड भिंत असेल तरी वरून लावू नका, नव्या टाइल्स आणि त्या चिकटवायचं केमिकल (अ‍ॅडेसिव्ह) मिळून चौरस फुटाला दीडदोन किलो वजन वाढतं.

वडगावच्या आमच्या घरी मी ही चूक केलीय म्हणून एवढं सांगतोय. मिस्त्री म्हणाला काय होत नाही, आणि सिमेंटच्या पेस्टवर चिकटवल्या. दुसऱ्या पावसाळ्यात रात्री धाडकन आवाज, उठून लाइट लावली तर गिझरखालच्या सात टाइल्स खाली, आणि मागची जुनी टाइल जशीच्या तशी चकचकीत, तिला सिमेंटचा कणसुद्धा धरलेला नव्हता. जुन्या टाइलचा ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, पाणी ओढतच नाही, मग सिमेंट धरणार कशाला. नशीब आत कोणी नव्हतं.

म्हणून टाइल-ऑन-टाइल लिहिलेलंच अ‍ॅडेसिव्ह मागा, पोत्यावर आयएस 15477 (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप 3 आहे का वाचा, टाइप 1 स्वस्त पडतं पण ते या कामाचं नाही. 20 किलोच्या पोत्यात साधारण 45-50 चौरस फूट होतं. लावायच्या आधी साबणाचा आणि तेलाचा थर सोडा घालून घासून काढायचा, ग्राइंडरने ग्लेझ खरवडायचा (इथे थोडी धूळ होणारच, दाराला ओली चादर लावा), पुसून वाळू द्यायचं. दातेरी थापीने भिंतीवर पसरायचं आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून चिकटवत असेल तर काम तिथेच थांबवा, मागे पोकळी राहते.

जाडी सव्वा सेंटीमीटर तरी वाढते, त्यामुळे नळाला एक्स्टेन्शन लागतं, आणि भिंतीतल्या कन्सील्ड कॉकचा दांडा आत जातो, त्याचा लांब दांडा मिळतो का ते दुकानात आधी विचारा. दाराच्या चौकटीशी टाइल बाहेर येते तेही बघून घ्या.

ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटींत भरायचा मसाला, दुसऱ्या दिवशी भरा, कोपऱ्यांत आणि फरशीच्या सांध्याला ग्राउट नको, सिलिकॉन. आंघोळ त्यानंतर दोन दिवसांनी.

तेवढं नाण्याने ठोकून किती फुल्या पडल्या आणि पाइप लोखंडी आहे का प्लास्टिकचा ते इथे लिहा, मग वरून लावायचं का फोडायचं ते नक्की सांगतो.